न्यू रिव्हरचे पाणी आणि कोकणचा विंचू

लंडनला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एक लांबलचक पाट खणला गेला. १६१३ मध्ये तो पुरा झाला. नाव पडले न्यू रिव्हर. हर्टफर्डशायरमधल्या हर्टफर्ड आणि वेअर या दोन गावांच्या मधल्या झऱ्यांचे पाणी उताराउताराने शहरापर्यंत पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. तो सगळा मुलूख खडूच्या खडकाचा. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे या पाण्यात कॅल्शियमचा अंश चांगलाच होता. १८८२ मध्ये हेच पाणी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नळाला येत होते. दम्याच्या झटक्यात छाती का आवळते आणि पंपाच्या दोन फवाऱ्यांनी ती मोकळी का होते, या प्रश्नाचा इतिहास मला तरी त्या नळापासून सांगावासा वाटतो. तिथे उभ्या असलेल्या कुणाच्याही मनात तेव्हा दमा नव्हता.

सिडनी रिंगर हे त्या काळचे नावाजलेले डॉक्टर. रुग्णालयातली कामे सांभाळून ते प्रयोगशाळेत येत आणि बेडकाचे बाहेर काढलेले हृदय मिठाच्या पाण्यात किती वेळ चालते हे पाहत. ०.७५ टक्के मिठाच्या द्रावणात ते बराच वेळ छान चालते, असे त्यांनी १८८२ मध्ये छापले. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यांनी स्वतः खुलासा केला की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलेच नव्हते. ते न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेले निघाले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, पाणी ऊर्ध्वपातित करत बसण्यात वेळ घालवणे प्रयोगशाळेतल्या पोऱ्याला पटत नव्हते. डॉक्टरसाहेबांना काय फरक कळणार, असे म्हणून त्याने सरळ नळाखाली भांडे धरले. रिंगरनी मग खरोखरच्या शुद्ध पाण्यात मीठ घालून पाहिले, तर हृदय थोड्याच वेळात थंडावले. नळाच्या पाण्याचे पृथक्करण पाहिले, तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम निघाले. हृदय चालत होते ते एवढ्याशा कॅल्शियमवर.

त्यांच्या या शोधाचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी येतो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा गाळला जातो, आणि तोच मला जास्त मोलाचा वाटतो. नुसते कॅल्शियम घातले की हृदय आवळत असे, पण पुरते सैल पडत नसे. प्रत्येक ठोक्यानंतर ते जरा जरा ताठच राही. त्यात पोटॅशियमचा किंचित अंश मिसळला की ठोका पुन्हा सुटसुटीत होई. आवळायला कॅल्शियम, सोडायला पोटॅशियम, आणि दोन्ही योग्य प्रमाणात: १८८३ च्या त्या लेखात ही जोडी पहिल्यांदा एकत्र दिसते. आपल्याकडे सलाईन लावताना ‘आरएलची बाटली’ म्हणतात, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर. त्यांच्या द्रावणात लॅक्टेटची भर पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन यांनी घातली.

दम्यावर औषधोपचार तर त्याआधीपासून चालूच होते. १८०२ च्या सुमारास मद्रासचे फिजिशियन जनरल जेम्स अँडरसन यांनी जनरल जेंट नावाच्या दमेकरी लष्करी अधिकाऱ्याला धोतऱ्याची सुकवलेली मुळी ओढायला सांगितली. जेंटला आराम पडला आणि मायदेशी जाताना तो ही युक्ती सोबत घेऊन गेला. तिथून धोतऱ्याचा धूर इंग्लंडभर आणि मग युरोपभर पसरला. पुढे दम्याच्या खास सिगारेटी दुकानांत विकत मिळू लागल्या. लंडनचे हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते. त्यांनी १८५९ मध्ये उपाशीपोटी कडक कॉफी प्यायचा सल्ला लिहून ठेवला. धोतरा, कॉफी, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. तिन्हींनी धाप कमी होई, पण का कमी होते हे कुणालाच सांगता येत नव्हते. एवढे मात्र ठाऊक होते की फुफ्फुसातल्या नळ्यांभोवती स्नायूंचा वेढा असतो. स्ट्रासबुर्गच्या फ्रान्झ डॅनिएल रायसायसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो नीट दाखवून दिला होता. हे स्नायू अनैच्छिक, आपल्या मर्जीने हलत नाहीत. ते आवळले की नळीचे तोंड बारीक होते, आत गेलेली हवा बाहेर पडेना होते आणि छाती घरघरू लागते.

स्नायू आवळण्याचा हुकूम पेशीच्या आत कोण देते, हा प्रश्न रिंगरनंतर साठ वर्षे जवळपास तसाच पडून होता. १९४७ मध्ये अमेरिकेत लुईस हायलब्रन आणि फ्लॉइड विअरसिन्स्की यांनी स्नायूतंतूच्या आत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले. तंतू आखडला तो कॅल्शियमने. जपानमध्ये कामादा आणि किनोशिता यांना त्याआधी, युद्धाच्या धामधुमीत, असेच काहीसे दिसले होते. तरीही बहुतेक जीवरसायनतज्ज्ञांना हे पटेना, कारण एखाद्या साध्या आयनाकडे एवढे मोठे काम असेल हेच त्यांना खरे वाटत नव्हते. टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी नेट धरला. पेशीतल्या सूक्ष्म पिशव्या कॅल्शियम शोषून घेतात आणि स्नायू सैल पडतो, हे त्यांनी दाखवले. मग १९६० च्या दशकात कॅल्शियम ज्याला जाऊन चिकटते ते ट्रोपोनिन हे प्रथिनही शोधून काढले, तेव्हा कुठे विरोध मावळला. श्वासनलिकेच्या स्नायूत मात्र ट्रोपोनिन नसते. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरते, त्या जोडीने एक एन्झाइम जागे होते, ते मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते आणि मग आवळणे सुरू होते. वाट लांबची आहे, पण पहिले पाऊल कॅल्शियमचेच.

कॅल्शियम डोळ्यांना दिसत नाही, आणि पेशीत ते असते तरी किती? सैल पडलेल्या स्नायूपेशीत बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी. ते पाहायचे साधन पुन्हा पाण्यानेच हाती दिले. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर इथे जेलीफिश गोळा करत होते. या जेलीफिशच्या कडेला हिरवट प्रकाश चमकतो आणि तो देणारा पदार्थ त्यांना वेगळा काढायचा होता. नेहमीच्या सगळ्या रीती फसल्या. मग आम्ल घालून प्रकाश थांबवायची रीत त्यांना सुचली. तो अर्क वापरून झाल्यावर त्यांनी उरलेले पाणी सिंकमध्ये ओतले, आणि सिंक आतून निळ्या प्रकाशाने उजळून निघाला. मत्स्यालयाचे समुद्राचे पाणी त्या सिंकमध्ये वाहून येत होते. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम त्या पदार्थाला लागले होते. पदार्थाला एक्वोरिन नाव मिळाले. १९६७ मध्ये रिजवे आणि अॅशली यांनी ते खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकल या सागरी प्राण्याच्या स्नायूत टोचले. स्नायू आवळण्याच्या ऐन आधी प्रकाश चमकला. रॉजर त्सीन यांनी पुढे कॅल्शियमला चिकटून चमकणारी रंगद्रव्ये घडवली. १९८५ मध्ये आलेले फ्युरा-२ त्यातले सर्वांत प्रसिद्ध. श्वासनलिकेच्या एकेका पेशीत कॅल्शियम कधी चढते, कधी उतरते, हे सूक्ष्मदर्शकाखाली बसून पाहणे आता शक्य झाले.

इकडे दवाखान्यात काळ वेगळाच चालला होता. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या रायकर कंपनीने मापून फवारा देणारा पहिला पंप बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी लेकीने विचारले होते की केसांच्या स्प्रेसारखे माझे औषध का नाही, आणि त्या प्रश्नातून हा पंप निघाला. आयसोप्रिनालिनचा पंप खिशात आला आणि लाखो लोकांची रात्र सुसह्य झाली. पण १९६० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने दगावणाऱ्या तरुण मुलांची संख्या अचानक वाढू लागली. १९६८ मध्ये स्पायझर, डॉल आणि हीफ यांनी या मृत्यूंचा अभ्यास छापला आणि बोट या पंपांकडे वळले. कारण नेमके कोणते, हा वाद पुष्कळ वर्षे चालला: हृदयावर पडणारा ताण, जास्त तीव्रतेचे पंप, की पंपावर विसंबून डॉक्टरकडे उशिरा जाणे. आयसोप्रिनालिन हृदयालाही धडधडवत असे, हे तर उघडच होते. फुफ्फुसावरच काम करील आणि हृदयाला फारसे हात लावणार नाही असे औषध डेव्हिड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले, ते सालब्युटामॉल. १९६९ मध्ये ते विक्रीला आले. हे काम झाले अॅलन अँड हॅनबरीज कंपनीच्या वेअर गावातल्या प्रयोगशाळेत, म्हणजे रिंगरच्या नळाला येणारे पाणी जिथून निघाले त्याच खडूच्या मुलखात.

सालब्युटामॉल पेशीच्या बाहेरच्या बीटा-२ या ग्राहकावर बसते आणि आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, हे तोवर कळले होते. पण त्याने स्नायू सैल का पडतो? इथे गाडी अडली होती. आधी उलगडले ते आवळण्याचे कोडे. १९८३ मध्ये, रिंगरच्या खुलाशाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, केंब्रिजचे मायकल बेरिज आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी दाखवले की आयपी-३ नावाचा एक छोटा रेणू पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर सोडतो. त्यांनी ते स्वादुपिंडाच्या पेशींत पाहिले, पण लवकरच श्वासनलिकेच्या स्नायूतही हीच रीत सापडली. फुफ्फुसाकडे येणारी व्हेगस नस असिटिलकोलीन हे रसायन सोडते, ते ग्राहकावर बसते, आयपी-३ तयार होते, साठा उघडतो. धोतऱ्यातले अॅट्रोपीन त्या ग्राहकावर असिटिलकोलीनला बसूच देत नाही. अँडरसन यांनी मद्रासला दिलेल्या सल्ल्याचे पुरते कारण असे १८० वर्षांनी हाती आले.

याच काळात एक औषधोपचार फसला, आणि तो फसला म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. पेशीच्या पटलातल्या कॅल्शियमच्या वाटा बंद करणारी व्हेरापामिल आणि निफेडिपिन ही औषधे रक्तदाब आणि हृदयविकारासाठी उत्तम ठरली होती. तर्क सरळ होता: दम्यातही कॅल्शियम दोषी, मग तीच औषधे द्या. १९८० च्या दशकात अशा चाचण्या झाल्या. व्यायामाने येणाऱ्या दम्यात थोडाफार उपयोग दिसला, पण आवळलेल्या नळ्या फारशा उघडल्या नाहीत. श्वासनलिकेचा स्नायू बाहेरच्या कॅल्शियमपेक्षा आतल्या साठ्यावर अधिक चालतो. बाहेरचे दार लावून आतले कोठार कसे बंद होणार?

आता पोटॅशियमकडे वळू. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडे. पटलातली पोटॅशियमची चॅनेल्स उघडली की ते बाहेर धावते, आतला भाग अधिक ऋण होतो आणि व्होल्टेजवर उघडणारी कॅल्शियमची दारे बंद होतात. हे कागदावर मांडणे सोपे, पण एका चॅनेलमधून जाणारा प्रवाह मोजणार कसा? गॉटिंगेनच्या एर्विन नेहेर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये ते करून दाखवले. टोक मायक्रोमीटरभर रुंद असलेली काचेची नळी पेशीवर टेकवायची. पुढे त्यांच्या लक्षात आले की हलके ओढले की काच पटलाला घट्ट चिकटते आणि सगळा गोंगाट थांबतो. पडद्यावर एक रेषा सरळ चालत असते, मध्येच पायरी चढते, क्षणात उतरते. प्रत्येक पायरी म्हणजे एका चॅनेलचे उघडणे आणि मिटणे. १९८६ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या मॅककॅन आणि वेल्श यांनी कुत्र्याच्या श्वासनलिकेच्या पेशींवर असे काम करून कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियम चॅनेल्स दाखवली. त्यांतल्या बीके चॅनेलची पायरी इतकी मोठी असते की नवशिक्यालाही ती ओळखू यावी. १९८९ मध्ये जपानच्या कुमे आणि सहकाऱ्यांनी सशाच्या श्वासनलिकेत दाखवले की सायक्लिक एएमपीच्या वाटेने येणारे फॉस्फेट या चॅनेलवर चढले की ते अधिक वेळ उघडे राहते. सालब्युटामॉलचा धागा पहिल्यांदा पोटॅशियमपर्यंत येऊन पोहोचला.

आणि इथे विंचू येतो. ख्रिस मिलर यांच्या गटाने १९८५ मध्ये पश्चिम आशियातल्या लेयुरस जातीच्या विंचवाच्या विषातून कॅरिबडोटॉक्सिन वेगळे काढले होते. हा पदार्थ बीके चॅनेलच्या तोंडात बुचासारखा बसतो. १९९० मध्ये मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका विंचवाच्या विषातून त्याहून नेमके काम करणारे इबेरिओटॉक्सिन मिळवले. ३७ अमिनो आम्लांची ती साखळी फक्त बीके चॅनेल बंद करते, शेजारच्या पोटॅशियम चॅनेल्सना हात लावत नाही. ते विष होते भारतीय लाल विंचवाचे. कोकणात रानात, गवताच्या भाऱ्यात, दगडांच्या बांधात राहणारा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्याच्या दंशावर आयुष्य वेचले, तोच हा विंचू. १९८० च्या दशकात दंश झालेल्या माणसांना घाम सुटे, हातपाय गार पडत, फुफ्फुसात पाणी होई. बावस्करांनी प्राझोसिन देऊन असे अनेक जीव वाचवले आणि तो अनुभव लॅन्सेटमध्ये मांडला. एकाच विषाचा एक परिणाम महाडमध्ये खाटेवर दिसत होता, आणि त्याच विषातला दुसरा एक रेणू परदेशातल्या प्रयोगशाळांत श्वासनलिकेचे कोडे सोडवायला बसला होता. हे दोन्ही एकाच दशकाच्या आगेमागे घडले, ही गोष्ट आपल्याकडे अधिक लोकांना माहीत असायला हवी.

या दोन विषांनी काय सिद्ध झाले? १९९० मध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या श्वासनलिकेला कॅरिबडोटॉक्सिन लावले, आणि बीटा ग्राहकावर बसणाऱ्या औषधांचा सैल करण्याचा परिणाम बराच कमी झाला. १९९२ मध्ये लंडनमध्ये पीटर बार्न्स यांच्या गटाने माणसाच्या श्वासनलिकेच्या तुकड्यांवरही तेच पाहिले. अर्थात पुरता परिणाम कधीच थांबला नाही. सालब्युटामॉल इतरही वाटांनी काम करते: साठ्यातून येणारे कॅल्शियम कमी करते, आणि आहे त्या कॅल्शियमला स्नायू कमी दाद देईल असे करते. बीकेचा वाटा नेमका किती, यावर अजूनही एकमत नाही, आणि मला तरी हा वाटा सुरुवातीच्या उत्साहात जरा जास्तच मोजला गेला असे वाटते.

एक प्रश्न मात्र कुणालाही खटकावा असा होता. बीके चॅनेल कॅल्शियमनेच उघडते. म्हणजे आवळणारे कॅल्शियम आणि सैल करणाऱ्या चॅनेलला उठवणारे कॅल्शियम एकच? उत्तर १९९५ मध्ये व्हर्मांट विद्यापीठातल्या मार्क नेल्सन यांच्या गटाने मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून दिले. साठ्यातून कॅल्शियमच्या बारीक ठिणग्या पटलाच्या अगदी जवळ उडतात. पेशीभरचे कॅल्शियम त्याने फारसे वाढत नाही, पण तिथल्या तिथे ते इतके वाढते की शेजारची बीके चॅनेल्स उघडतात. ठिणग्या थांबवल्या की रक्तवाहिनी उलट आवळते. कॅल्शियमची लाट म्हणजे गावभर पिटलेली दवंडी आणि ठिणगी म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट. शब्द तेच, पण ऐकणारे वेगळे. श्वासनलिकेच्या स्नायूतही झुगे आणि सहकाऱ्यांनी अशा ठिणग्या पाहिल्या, पण तिथे त्या पोटॅशियमबरोबर क्लोराइडची चॅनेल्सही उघडतात आणि क्लोराइडचा प्रवाह उलट दिशेला ढकलतो. श्वासनलिकेला रक्तवाहिनीचाच नियम जसाच्या तसा लावता येत नाही, ते यामुळे. दुसरीकडे मेयो क्लिनिकच्या प्रकाश, कन्नन आणि सीक यांनी १९९७ मध्ये डुकराच्या श्वासनलिकेच्या पेशींत कॅल्शियम लहरींसारखे चढता-उतरताना दाखवले. मायकल सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या फुफ्फुसाच्या पातळ चकत्यांत पाहिले, तेव्हा या लहरी जितक्या भरभर येतात तितकी नळी अधिक आवळते असे दिसले.

पोटॅशियमची दारे औषधाने थेट उघडली तर? क्रोमाकॅलिम हे असेच औषध, पण ते बीकेऐवजी एटीपीने बंद होणारी वेगळी पोटॅशियम चॅनेल्स उघडते. १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आशादायक बातमी आली: रात्री ते घेतल्यावर पहाटेचा दमा कमी झाला. पण १९९३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या दुसऱ्या चाचणीत त्याच्या सक्रिय रूपाने नळ्या उघडल्या नाहीत आणि अनेकांचे डोके दुखू लागले, कारण रक्तवाहिन्याही सैल पडत होत्या. औषधाचा हा मार्ग दम्यापुरता तरी तिथेच थांबला.

२०१० मध्ये बाल्टिमोरमध्ये दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट आणि सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट नेचर मेडिसिनमध्ये छापली. जिभेवर कडू चव ओळखणारे ग्राहक श्वासनलिकेच्या स्नायूवरही असतात. क्विनीन, क्लोरोक्विन, सॅकरिन यांनी ते उठवले की पेशीत कॅल्शियम वाढते. सगळ्यांची अपेक्षा अर्थातच आवळण्याची. पण नळ्या सैल पडल्या, आणि त्यांच्या मोजमापात आयसोप्रिनालिनहून अधिक. कारण त्यांनी असे दिले की हे कॅल्शियम पटलाजवळ ठिणग्यांसारखे उडते आणि बीके चॅनेल्स उघडते. कारल्याची भाजी खाऊन दमा बरा होईल, असा याचा अर्थ मुळीच नाही. पदार्थ फुफ्फुसापर्यंत पोहोचायला हवा आणि तोही पुरेशा प्रमाणात. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या झुगे यांच्या गटाने त्याच नियतकालिकात हरकत घेतली की या सैल पडण्याला बीके लागतच नसावे. पुढच्या वर्षी त्यांनी आपले उत्तर सविस्तर मांडले: कडू पदार्थ पटलातली व्होल्टेजवर उघडणारी कॅल्शियमची दारे बंद करतात, म्हणून आवळलेला स्नायू सुटतो. नळ्या सैल पडतात यावर दोन्ही गटांचे दुमत नाही. वाद आहे तो कॅल्शियमच्या कोणत्या वाटेवर हे घडते, याचा.